गोपिकाबाईची साक्ष

नागपूरच्या हुडकेश्वरात ज्यांच्या घरी मुलगी पाहायला पाहुणे यायचे असत, ते लोक त्या दिवशी गोपिकाबाई निखाड्यांना चहालाही बोलवत नसत. पाहुण्यांनी सहज विचारावं, "पोरगी कशी आहे, बाई?" आणि गोपिकाबाईंनी सांगावं, "चांगली आहे. राग लवकर येते तिले. मागं भावाच्या डोक्यात फुकणी घातली होती, टाके पडले." असं एकदा झालं होतं. लग्न मोडलं नाही, पण त्या घराचं बोलणं कायमचं बंद झालं. गोपिकाबाईंना वाईट वाटलं, चूक मात्र वाटली नाही.

"त्यायनं विचारलं तं सांगतलं," त्या म्हणाल्या. "मी काही चौकात भोंगा लावून नाही सांगतलं."

हे वेड त्यांना जन्मापासून नव्हतं. माहेर उमरेडकडचं, शेतकऱ्याचं. तिथं सगळ्यांसारखंच गरजेपुरतं खोटं चाले. वेड लागलं ते पाण्यातून निघाल्यापासून, म्हणजे बाप्तिस्मा झाल्यापासून. चाळिशीनंतर त्यांना अंगावरून जायला लागलं ते थांबेना. दवाखाने झाले, गोळ्या झाल्या. डॉक्टर म्हणाली, पिशवी काढून टाका. गोपिकाबाई घाबरल्या. शेजारणीनं त्यांना गल्लीच्या टोकाशी असलेल्या टिनाच्या शेडमध्ये नेलं. त्या शेडला सगळे 'हॉल' म्हणत. तिथं रविवारी गाणी होत, प्रार्थना होत, आणि ज्याला काही अनुभव आला तो उभा राहून सगळ्यांसमोर साक्ष देई. अंकुश नावाच्या तरुण पास्टरनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच महिन्यात रक्त थांबलं ते पुन्हा आलं नाही.

"वय झालं वं तुह्यं," त्यांचे यजमान रुपराव म्हणाले. "सगळ्याच बायांचं बंद होते. त्यात येशूले कायले मधात आणतं?"

"मंग आदल्या महिन्यात काहून नाही झालं वय?"

रुपरावांकडे याला उत्तर नव्हतं, आणि हे त्यांना फार लागलं. कारण उत्तरं देणं हाच त्यांचा निवृत्तीनंतरचा धंदा होता.

रुपराव कन्हानच्या बाजूला कोळशाच्या खाणीत पंपावर होते. जमिनीच्या पोटात झिरपणारं पाणी वर फेकायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्या अंधारात सोबतच्या माणसांना भुतं दिसत. रुपराव जाऊन पाहत, तर कुणाच्या तरी टोपीवरच्या दिव्याचा उजेड ओल्या भिंतीवर हलत असे. निवृत्त झाल्यावर हुडकेश्वरात घर बांधलं आणि जुना सोबती नत्थूजी याच्यासोबत शाळाशाळांतून चमत्कारांचे प्रयोग दाखवायला सुरुवात केली. जिभेवर जळता कापूर, आपोआप पेटणारा नारळ, हवेतून राख. बायको ख्रिस्ती झाली तेव्हा त्यांनी मुद्दाम एक प्रयोग वाढवला. येशूनं काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला म्हणतात ना, तर हे पाहा. सोड्याच्या पाण्यात औषधाचे दोन थेंब की पाणी लालभडक.

पहिल्यांदा त्यांनी तो घरीच करून दाखवला, गोपिकाबाईंच्या स्वतःच्या ग्लासात. त्या शांतपणे पाहत राहिल्या.

"पिऊन पाहा बरं," त्या म्हणाल्या.

"हे पेलं तं दस्त लागतीन."

"मंग? त्यानं केलेला लोकं पेले. अन् वाखाणला."

असं त्या घरात चालायचं. रोज भांडण, रोज सोबत जेवण.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता मोबाईलवर एक व्हिडिओ फिरायला लागला. परदेशातला कुणी उपदेशक सांगत होता की प्रभू या पितृपक्षाच्या शेवटाला आपल्या लोकांना न्यायला येतोय. तो काही पितृपक्ष म्हणाला नव्हता, तारीख म्हणाला होता. पण हुडकेश्वरात ती तारीख तशी ओळखली गेली. तुतारी वाजेल, खरे विश्वासी होते तसे वर उचलले जातील, चूल पेटलेली राहील, कपडे-चपला मागे पडून राहतील. मागे राहतील त्यांच्यावर संकटाचा काळ येईल आणि सैतानी पशूचा शिक्का अंगावर घेतल्याशिवाय त्यांना दाणा मिळणार नाही. अंकुश पास्टरनं हॉलमध्ये सांगितलं की दिवस कुणालाच ठाऊक नाही, व्हिडिओवर जाऊ नका. पण बायका ऐकेनात, तेव्हा तो म्हणाला, बरं, त्या दिवशी उपास करू, प्रार्थना करू. बायकांनी त्याचा अर्थ आपला आपण लावला.

गोपिकाबाईंना जायची भीती नव्हती. त्यांना रुपरावांचं कसं होईल याची काळजी लागली. त्यांनी नवऱ्याला वरण लावायला शिकवलं. कणीक भिजवायला शिकवली. बीपीच्या गोळ्या कुठं आणि गहू कोणत्या चक्कीवर द्यायचा, ते सांगितलं.

"एवढं शिकवण्यापेक्षा मले संगच घेऊन चाल," रुपराव परातीत हात घालून म्हणाले.

"ते तुमच्या हाती आहे, जी. एकडाव पाण्यात उतरा. मी किती वर्षांपासून म्हणून राहिली."

"मले पोहता नाही येत."

त्या हसल्या नाहीत. परातीतलं पीठ सारखं करत खाली पाहून म्हणाल्या, "मले तिथं गेल्यावर करमणार नाही."

रुपरावांच्या तोंडात टोमणा होता, तो त्यांनी गिळला. पण सवय वाईट. थोड्या वेळानं म्हणालेच, "जाशीन तं गॅस बंद करून जाजो."

व्हिडिओतल्या तारखेच्या दिवशी रुपराव मुद्दाम कन्हानकडच्या एका शाळेत प्रयोगाला गेले. सकाळी निघताना गल्लीतल्या गच्च्यांवर लोक पानं ठेवून कावळ्यांना हाका मारत होते, आणि हॉलमध्ये बायका डोळे मिटून बसल्या होत्या. बाहेर चपलांचा ढीग. वर पितर आणि खाली तुतारी, रुपरावांना सगळ्याचंच हसू आलं. शाळेत पाणी लाल झालं, पोरांनी टाळ्या पिटल्या. नत्थूजी तिथंच मुलीकडे थांबला आणि रुपराव एकटे हायवेच्या थांब्यावर नागपूरच्या बसची वाट पाहत उभे राहिले.

समोरच्या बाजूला, जिथं शिवनीकडच्या गाड्या थांबतात, तिथं एक बाई उभी होती. स्कूटीवरच्या पोरी गुंडाळतात तशी ओढणी तोंडाला गुंडाळलेली. हातात कापडी पिशवी. रुपरावांचं लक्ष गेलं ते तिच्या पायांकडे. जांभळ्या पट्ट्यांच्या चपला, डाव्या चपलेचा अंगठा काळ्या दोऱ्यानं शिवलेला. तो दोरा रुपरावांनी स्वतः दाभणानं घातला होता.

ते रस्ता ओलांडून गेले. "ओ बाई, ह्या चपला तं आमच्या घरच्या."

बाई दचकून वळली. ओढणीच्या फटीतले डोळे त्यांनी ओळखले. एका डोळ्याखालची निळाई पिवळी पडत आली होती. कामिनी होती ती, मागच्या गल्लीतली, हॉलमध्ये सगळ्यात गोड आवाजात गाणारी. तिचा नवरा जितेंद्र ट्रॅव्हल्सच्या गाड्यांवर होता, आणि तो घरी आला की काय चालतं हे दोन्ही गल्ल्यांना ऐकू येई.

"काकाजी, तुम्ही मले पाह्यलं नाही."

"अवं, पण तू इथी? अन् हिच्या चपला?"

"माह्या दारातच ठेवल्या. चपला दिसल्या तं तो समजीन मी घरातच हाय. अनवाणीच निघाली, हॉलच्या बाहेर काकूच्या दिसल्या, त्या घातल्या. मोठ्या स्टँडवर त्याचे सगळे ओळखीचे हायेत, म्हणून इथीपर्यंत सिटी बसनं आली."

"आजच काहून?"

"आज सगळे वर पाहून राहिले नं, काकाजी. माह्याकडं कोण पाहीन?"

ती हसली असावी, ओढणी हलली. मग तिनं रुपरावांची बाही धरली. "शिवनीले मोठी बहीण हाय. त्याले ते माहीत नाही, तिचं न् आमचं जमत नव्हतं. काकूले सांगू नका. काकू खोटं नाही बोलत. त्यानं विचारलं तं त्या सांगून टाकतीन. अन् ह्या वेळी तो मले जित्ती नाही ठेवत."

"नाही सांगत," रुपराव म्हणाले.

गाडी आली, थांबली न थांबली, निघाली. रस्त्यावर धूळ उरली. रुपराव तिथं बराच वेळ उभे राहिले. इतक्या लवकर सगळं झालं होतं की तिथं कुणी उभं होतं याची खूण म्हणून काही राहिलंच नाही.

घरी आले तर दार सताड उघडं. हाक मारली, उत्तर नाही. पलंग रिकामा. मोरी रिकामी. ओट्यावर चिरलेलं दोडकं तसंच. दारात चपला नव्हत्या, आणि त्या का नाहीत हे ठाऊक असूनही रुपरावांनी पलंगाखाली वाकून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो विचार केला जो करायचा नव्हता: गेली का?

गोपिकाबाई स्वयंपाकघरात होत्या. पिठाची कोठी आणि भिंत यांच्या मधल्या जागेत, अंग चोरून.

"गेली," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"कामिनी. उचलून नेलं तिले. चपला दारात, मोबाईल खाटेवर वाजून राहिला, गॅसवर भात जळून कोळसा. कोणाले खोटं वाटलं तं जाऊन पाहून घ्या. अन् मी इथंच. माह्या चपलाही कोणी नेल्या." त्या रडत नव्हत्या, ते जास्त वाईट होतं. "मले माहीत हाय मी काहून राह्यली. तो तिले मारे तवा आवाज ये. मी घरात बसून प्रार्थना करे. एकदाही जाऊन दार नाही वाजवलं. प्रार्थना केली म्हणून झालं, असं मले वाटे."

रुपरावांनी तोंड उघडलं. तेवढ्यात बाहेर फाटक आपटलं आणि जितेंद्रचा आवाज आला, "काकू, कामिनी आली काय इथी?" रुपरावांनी तोंड मिटलं.

ते पुढं मिटलेलंच राहिलं.

गोपिकाबाईंच्या हिशेबानं संकटाचा काळ सुरू झाला होता. रेशनच्या दुकानात त्यांनी मशीनवर अंगठा ठेवायला नकार दिला. दुकानदार म्हणाला, "बाई, अंगठा नाही तं गहू नाही." त्या म्हणाल्या, "तेच तं सांगतलं होतं, शिक्का नाही तं दाणा नाही," आणि रिकामी थैली घेऊन परत आल्या. रोज एक पदार्थ त्यांनी सोडला. आधी गोड, मग दूध, मग पोळी. दिवसभर उंबरठ्यावर बसून आभाळाकडं पाहत. तिथं घारी फिरत, दुसरं काही नाही. जिला नवरा गुरासारखं मारतो ती गाणं म्हणत गेली, आणि आपण बाप्तिस्मा घेऊन, खोटं न बोलून इथंच, या एकाच विचारावर त्या वाळत चालल्या.

रुपरावांनाही ते घर स्वस्थ बसू देईना. कोपऱ्यावरून दही घेऊन आले तरी आधी कानोसा घेत. भांड्याचा आवाज आला तर जीव खाली पडे. नाही आला तर चप्पल न काढता खोलीखोलीतून जात. माणूस हवेत जात नाही, हे त्यांना जितकं ठाऊक होतं तितकं हुडकेश्वरात कुणाला ठाऊक नव्हतं. तरी जात.

जितेंद्र पोलिसांत गेला नाही. गेला असता तर शेजाऱ्यांनी बाकीचंही सांगितलं असतं. तो रुपरावांकडे आला, बरोबर नत्थूजीला घेऊन.

"काकाजी, तुम्ही भंडाफोड करता नं? मंग ह्या रविवारी हॉलमध्ये चला. माणूस वर जाते काय, एवढंच सांगा सगळ्यायसमोर. बाकी मी पाहतो. त्या पास्टरनंच लपवून ठेवलं असन तिले, त्याची टांग तोडतो."

रुपराव खुर्चीत हलले. आत, पडद्याआड गोपिकाबाई होत्या. आपण आता काय म्हणतो याकडं तिचे कान लागलेत, हे रुपरावांना पडद्यातूनही कळत होतं. माणूस वर नाही जात, असं म्हटलं, तर हा उद्यापासून जमिनीवर शोधायला लागेल.

"मले नाही माहीत गा," ते म्हणाले.

"काय नाही माहीत?" नत्थूजीनं विचारलं.

"जाते का नाही जात."

नत्थूजीनं खुर्ची पुढं ओढली. "रुपराव, बह्याड झाले काय? इतकी वर्षं आपण गावोगाव काय सांगून राहिलो? माणूस हवेत उडते का नाही, हे तुमाले माहीत नाही?"

"डोळ्यानं पाह्यलं नाही, तं कसं सांगू?"

"वहिनीनं तुमालेही पाण्यात बुडवलं वाटते," नत्थूजी म्हणाला आणि चहा न घेता उठला. त्यानंतरचे प्रयोग त्यानं एकट्यानं केले.

पडद्याआडून गोपिकाबाई बाहेर आल्या. चेहरा राखेसारखा. "म्हणजे तुमालेही पटलं," त्या म्हणाल्या. नवऱ्याला पटावं म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं गुडघे टेकले होते. आणि आता पटलं तर त्यांना आधाराला धरलेली शेवटची भिंत पडल्यासारखं झालं. कुठंतरी त्यांना आशा होती की रुपराव नेहमीसारखे हसतील, आणि हे सगळं खोटं असेल.

दोन दिवसांनी भर दुपारी त्या मोरीत पडल्या. रुपरावांनी उचलून पलंगावर आणलं तर अंगात वजनच नव्हतं. साखरेचं पाणी चमच्यानं पाजत असताना त्या पुटपुटल्या, "राहू द्या. दार वाजवलं नाही मी." रुपरावांनी वाटी खाली ठेवली, दार लावून घेतलं आणि सांगितलं.

"कामिनी जित्ती आहे. शिवनीले गेली. मी कन्हानले पाह्यलं तिले. माह्याशी बोलली."

गोपिकाबाईंनी डोळे उघडले.

"मी जेवावं म्हणून तुम्ही मले बनवून राहिले. पाणी लाल करता तसं."

"नाही वं. तुह्या आईची शप्पथ."

"तुमची शप्पथ काय कामाची? तुम्ही कोणालेच मानत नाही."

रुपराव खाली बसले. "तिच्या पायात तुह्या जांभळ्या चपला होत्या," ते म्हणाले. "अंगठ्याले माहा काळा दोरा. हॉलच्या बाहेरून घातल्या."

गोपिकाबाई पडून राहिल्या. मग त्यांचं पोट हलायला लागलं. रुपरावांना वाटलं रडताहेत, पण त्या हसत होत्या, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी गळत. "माह्या चपलांनी गेली," त्या म्हणाल्या. "बरं झालं वं माय, बरं झालं." मग म्हणाल्या, "वरण हाय काय?"

रुपरावांनी लावलेलं वरण, पातळ, मीठ जास्त. त्या जेवल्या. आणि घास चावता चावता थांबल्या.

"हे तुम्ही मले काहून सांगतलं?"

"मरून राहिली होती तू."

"अन् आता त्यानं विचारलं तं?"

रुपरावांनी ताटात आणखी वरण वाढलं. खोटं बोलणाऱ्यांना कुठं टाकलं जातं, ते जळतं सरोवर गोपिकाबाईंना आपल्या मोरीइतकं ओळखीचं होतं. रुपरावांसाठी ती गोष्ट होती. बायकोसाठी पत्ता होता.

त्यानंतर त्या बाहेर पडेनाशा झाल्या. रविवारी हॉलमध्येही गेल्या नाहीत, कारण तिथं कुणी विचारेल. घरात मात्र हिंडूफिरू लागल्या, भाजीत पाणी जास्त झालं म्हणून नवऱ्याला बोलू लागल्या. रुपरावांना वाटलं, निभलं.

जितेंद्र आला तेव्हा त्या फाटकाजवळ तुळशीच्या मंजिऱ्या खुडत होत्या, पळायला जागा नव्हती. तो प्यायलेला नव्हता. अंगावर प्रवासाला निघाल्यासारखे कपडे, पाठीला बॅग. रुपराव आतून धावत आले, पण तो त्यांच्याकडं पाहतही नव्हता.

"काकू, एक ड्रायव्हर म्हणते, शिवनीच्या गाडीत तशी एक बाई पाह्यली. मी निघालो. पण निघायच्या आधी तुमाले विचारतो. बाकी सारे हरामखोर हायेत. तुम्ही खोटं नाही बोलत, सारं हुडकेश्वर म्हणते. ते वर गेली का पळून गेली? तुम्ही म्हणान ते मी मानतो."

गल्लीत कुणाच्या तरी घरी मिक्सर चालू होता, तो बंद झाला. रुपरावांनी बायकोकडं पाहिलं. तिच्या मुठीतून मंजिऱ्यांचा चुरा गळत होता.

"शिवनीले नको जाऊ," गोपिकाबाई म्हणाल्या. "तिथी नाही ते."

"मंग?"

"मी पाह्यलं तिले जाताना." आवाज अगदी साधा, दुधवाल्याशी बोलावं तसा. "प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात. मी मधात उघडले. पाप केलं म्हणून कोणाले सांगतलं नाही. हॉलच्या दारातून तुही गच्ची दिसते. टाकीच्या बाजूनं उभी होती. मंग नव्हती. वर गेली."

जितेंद्र उभ्या जागी पायरीवर बसला. हे इतकं मोठं धिप्पाड माणूस, पोत्यासारखं. बॅग पाठीवरून निसटली.

"काही बोलली काय?"

"नाही."

"मागं पाह्यलं काय तिनं? घराकडं?"

"नाही रे बाबू," गोपिकाबाई म्हणाल्या. "मागं नाही पाह्यलं."

तो गेल्यावर त्यांनी हात धुतले. पुन्हा धुतले. रुपराव टॉवेल घेऊन मागं उभे होते. त्यांना म्हणायचं होतं की हे पाप नाही, सरोवर वगैरे काही नाही, तू एक जीव वाचवला. आजवर हजारो लोकांसमोर ते हेच म्हणत आले होते. पण बायकोच्या पाठीकडं पाहताना शब्द निघाला नाही. त्यांचं न मानणं फुकटचं होतं. तिनं या खोट्यासाठी मोजलेली किंमत फुकटची नव्हती.

बातमी आठवड्यात कामठीपर्यंत गेली. ज्या बाईनं आपल्या शेजारच्या पोरीचं भांडण नवरदेवाच्या बापाला सांगितलं होतं, तिनं पाहिलं म्हणजे झालंच असलं पाहिजे. लोक येऊ लागले. कुणी आजारी मूल घेऊन, कुणी मेलेल्याचा फोटो घेऊन. अंकुश पास्टर एकटा आला, खुर्चीच्या कडेवर बसला.

"ताई, खरंच पाह्यलं तुम्ही?"

"मले साक्षीले उभं करू नका," गोपिकाबाई म्हणाल्या. "एवढं करा." त्यानं त्यांच्याकडं नीट पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. रविवारी हॉलमध्ये त्या आता मागच्या भिंतीशी बसत. त्यांच्या दोन रांगा पुढं जितेंद्र बसायला लागला होता, रुमालानं तोंड झाकून. लोक त्याच्या पाठीवर हात ठेवत. रुपरावांनी ते खिडकीतून पाहिलं आणि ते तिथंच थुंकले. पण तो शिवनीला गेला नव्हता.

कामिनीचा निरोप आला नाही. येणार नव्हताच, तिच्याजवळ कुणाचा नंबर नव्हता. रुपराव मधूनमधून कन्हानला जात, त्या थांब्यावर बसत. शिवनीच्या गाड्या थांबत, धूळ उडवून जात. कुणी विचारलं असतं की इथं एक बाई उभी होती याला पुरावा काय, तर त्यांच्याजवळ एक काळा दोरा होता, तोही आता शिवनीत. आणि तिकडे, घरी, येणारा प्रत्येक माणूस गच्ची, टाकी, सगळं ऐकून जात होता. सांगताना गोपिकाबाई एक शब्द वाढवत नसत. वाढवायचे ते ऐकणारे वाढवत.

थंडी सुरू झाली तेव्हा एका संध्याकाळी त्या गच्चीवर वाळलेल्या मिरच्या गोळा करत होत्या. रुपराव वर गेले तर मिरच्या तशाच, आणि त्या कठड्याशी, मागच्या गल्लीकडं तोंड करून.

"काय पाहून राहिली वं?"

"तिथी उभी होती ते. टाकीच्या डाव्या बाजूनं. हिरवी ओढणी होती."

रुपराव तिच्या बाजूला कठड्याशी आले. "अवं, ते तं आपण... तू सांगतलं त्याले. ते कन्हानले होती. मी पाह्यलं."

"हाव. तुम्ही पाह्यलं तेही खरं असन." त्या वळल्या नाहीत. "पण मले दिसते जी. आधी नव्हतं दिसत. आता डोळे मिटले का दिसते. ओढणी हालते, मंग नुसती टाकी राहते."

"खाली चाल. गार वारा सुटला."

"येतो." त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "तुमाले भेव होतं नं, मी तुमाले टाकून जाईन. पीठ भिजवता भिजवता 'संगच घेऊन चाल' म्हणाले होते, मले समजलं. आता नका भेऊ. खोटी साक्ष देणारीले कोण नेते? आता मी इथंच राहतो, तुमच्यासंग. दोघंही."

त्या मिरच्यांची टोपली घेऊन जिना उतरल्या. खाली गॅस पेटवल्याचा आवाज आला, पातेलं ठेवल्याचा. बायको घरातच आहे हे आता कान देऊन ऐकायची गरज नव्हती. रुपराव कठड्याला धरून उभे राहिले. समोरच्या गच्चीवर सिमेंटची टाकी होती, बाजूला कपड्यांची रिकामी दोरी. त्यांनी ठरवलं, एकदा पाहायचं आणि जायचं. अंधार पडत आला, खालून त्यांना जेवायला हाक आली, पुन्हा आली, तरी त्यांची नजर टाकीच्या डाव्या बाजूवरून निघेना.